फोल्डिंग सायकलची बिजागरी पुन्हा पुन्हा ढिली होते? लिव्हर आवळणं थांबवा, पिन काढून बघा

लिव्हर घट्ट केली, आठ दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. पेव्हर ब्लॉकवरून गेलं की सायकलच्या पोटातून ‘कट्’ असा आवाज येतो. पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. तीन-चार वर्षं रोज फोल्डिंग सायकल वापरणाऱ्या बऱ्याच जणांकडून मी ही तक्रार ऐकली आहे, आणि उपायही बहुतेकांचा एकच असतो : लिव्हरचा नट अजून अर्धा फेरा आवळायचा. मीही दीड वर्ष तेच करत होतो.

माझी सायकल २० इंची चाकांची, ॲल्युमिनियम फ्रेमची, मधोमध बिजागरी असलेली. घर विक्रोळीला कन्नमवार नगरात, ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. घर ते स्टेशन सायकल, स्टेशनवर घडी, स्लो लोकलचा लगेजचा डबा, सीएसएमटीला उतरून पुन्हा उघडायची, ऑफिसच्या दारात पुन्हा घडी. संध्याकाळी हेच उलट. म्हणजे दिवसाला चार वेळा घडी आणि चार वेळा उघडणं. वर्षाचे २५० दिवस धरले तर बिजागरी २,००० वेळा फिरते. त्यात खाऱ्या हवेची, रस्त्याच्या खोदकामांच्या धुळीची आणि चार महिन्यांच्या पावसाची भर.

गेल्या वर्षी जुलैत सीएसएमटीबाहेर सायकल उघडून लिव्हर बंद करत होतो, तेव्हा तिचा बोल्ट तुटून हातात आला. सायकल उभी होती म्हणून बरं. तोच बोल्ट पाच मिनिटांनंतर पी. डिमेलो रोडवर ट्रकच्या बाजूला तुटला असता तर काय झालं असतं, हे मनातून जात नाही. म्हणून जे शिकलो ते सगळं सविस्तर लिहितोय.

लिव्हर काय करते, काय करत नाही

मधल्या बिजागरीत फ्रेमची दोन सपाट तोंडं एकमेकांवर बसतात. एका बाजूला उभी पिन असते, ती वर-खाली दोन बुशांमध्ये (पिनभोवती बसवलेल्या धातूच्या छोट्या नळ्यांमध्ये) फिरते. समोरच्या बाजूला लिव्हर आणि तिचा बोल्ट. लिव्हर फक्त आपली बाजू खेचते, पिनची बाजू पिननेच धरायची असते. घराच्या दाराची बिजागरी खिळखिळी झाली तर कडी कितीही मजबूत लावा, दार हलायचं ते हलतंच. इथेही तसंच आहे. पिन झिजलेली असताना लिव्हर आवळली की तोंडं तिरकी दाबली जातात, आवाज काही दिवस दबतो, आणि ज्या बोल्टवर तो ताण घ्यायची जबाबदारी नव्हती त्याच्यावर सगळा भार येतो. माझा बोल्ट असाच गेला.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. नवीन सायकलीवर पहिल्या एक-दोन महिन्यांत लिव्हर एकदा ॲडजस्ट करावी लागली तर घाबरू नका. तोंडांवरचा रंग दबतो, जागा बसते. तीच वेळ दर पंधरवड्याला येऊ लागली की झीज आहे.

आवाज बिजागरीचाच आहे ना?

हे आधी बघा, कारण हेडसेट (हँडलचा खांब फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथली बेअरिंग), पुढचा हब, ब्रेकचे पॅड, सीटपोस्ट, सगळ्यांचा आवाज फ्रेममधून फिरून एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. सायकल उघडून उभी करा, पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि हँडल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या कुणाला तरी बिजागरीच्या दोन तोंडांमधल्या फटीवर बोटाचं टोक ठेवायला सांगा. माझ्याकडे हे काम मुलीने केलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “बाबा, खाली हलतंय. वर नाही.” डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाच्या टोकाला कळतं. फटीत काहीच हललं नाही आणि हेडसेटच्या कपाजवळ हललं तर तुमचा प्रश्न वेगळा आहे, बिजागरी उघडू नका.

फटीत हललं तर दुसरी तपासणी. लिव्हर उघडा, सायकल अर्धी घडी करा, मागचा अर्धा भाग गुडघ्यांत धरून पुढचा अर्धा भाग वर-खाली आणि आडवा पिळून बघा. इथे खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर पिन आणि बुश झिजले आहेत. इथे काहीच हलत नाही, पण लिव्हर बंद केल्यावर हलतं, तर लिव्हरचा बोल्ट ढिला झालाय किंवा तोंडांमध्ये चिखल, वाळू, सोललेला रंग अडकलाय. तोंडं नायलॉनच्या ब्रशने आणि रॉकेलने साफ करा, बोल्ट नीट लावा, तेवढ्यात काम होईल.

हा खेळ हाताला इतका मोठा का वाटतो, तेही सांगतो. माझ्या पिनच्या खालच्या टोकाला सुमारे ०.३ मिमी सूट, म्हणजे मोकळी फट, होती. दोन बुशांमधलं अंतर ५५ मिमी. पुढचं चाक बिजागरीपासून साधारण अर्धा मीटर पुढे. म्हणजे पिनपाशी ०.३ असलेली सूट चाकापाशी सुमारे २.७ मिमी होते. ब्रेक मारताना हँडल सरकल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

पिन काढण्याआधी तडा शोधा

ही पायरी वगळू नका. बिजागरी जिथे नळीला वेल्ड केलेली असते, तिथे आणि बुशच्या घराभोवती (बुश ज्या भोकात दाबून बसवलेला असतो त्या भागाभोवती) बघा. रंगावर केसासारखी रेघ असेल तर ती नुसती रंगाची आहे की खालच्या धातूची, हे ठरवायला जुन्या मेकॅनिकांची पद्धत अजूनही उपयोगी आहे : जागा स्वच्छ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वर शाळेचा पांढरा खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर ओलसर काळपट रेघ उमटते. शंका राहिली तर वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तडा शोधायचे डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात.

तडा निघाला तर थांबा. कुणी कितीही खात्रीने ‘वेल्ड मारून देतो’ म्हणालं तरी देऊ नका. फ्रेमचं ॲल्युमिनियम कारखान्यात वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून पक्कं केलेलं असतं. नंतर मारलेल्या वेल्डशेजारचा पट्टा मऊ पडतो आणि पुन्हा तो उपचार केल्याशिवाय ताकद परत येत नाही. ती फ्रेम गेली असं समजा.

हँडलच्या खांबाच्या बिजागरीबद्दलही माझं मत असंच ठाम आहे. तिथे झीज असेल तर घरी बुश-पिन करत बसू नका, पूर्ण खांब बदला. मधली बिजागरी बिघडताना आवाज करून, हलून बहुतेक वेळा इशारा देते. हँडलचा खांब सुटला तर सावरायला हातात काहीच उरत नाही. आणि ब्रॉम्प्टनसारख्या स्टीलच्या सायकलीत मागच्या बिजागरीचे बुश दाबून बसवल्यावर लांब रीमरने (भोक नेमक्या मापात आणणाऱ्या हत्याराने) एका रेषेत मापात आणावे लागतात. ते हत्यार असलेल्याकडेच ते काम द्या.

पिन बाहेर काढणं

ब्रेक आणि गिअरच्या केबल बिजागरीवरूनच जातात. पिन निघाली की फ्रेमचे दोन तुकडे त्या केबलवर लोंबकळतात आणि केबलची आतली तार मोडते. म्हणून आधी दोन्ही भाग स्टुलावर ठेवून जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधून घ्या. सुतळी नको, ती रंग कापते.

मग बिजागरीच्या बाजूला बारकाईने बघा. पुष्कळ सायकलींत पिनला आडवा एक छोटा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, ॲलन कीने फिरवायचा स्क्रू) असतो, अनेकदा रंगाखाली किंवा मळाखाली लपलेला. तो न काढता हातोडी मारली तर पिनही जाते आणि घरही. ॲलन कीच्या भोकातला मळ सुईने उकरून काढा, कुणीतरी आधी अर्धवट बसलेली की फिरवून भोक गोल केलेलं नाही ना ते बघा. की पूर्ण आत बसली पाहिजे.

समुद्राच्या हवेत स्टीलची पिन आणि ॲल्युमिनियमचं घर एकमेकांना धरून बसतात. घराच्या कडेला मिठासारखी पांढरी पूड दिसली तर ते ॲल्युमिनियमचं गंजणं आहे, स्टीलचा गंज तांबडा असतो. मी रात्री गंज सोडवणारं तेल सोडलं, सकाळी केस वाळवायचा ड्रायर पाच-सात मिनिटं घरावर धरला. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पकड सुटते. त्याआधी सांडलेलं तेल मात्र नीट पुसून घ्या. गॅसची ज्योत अजिबात नको. मग पिनपेक्षा किंचित बारीक पितळी दांडी ठेवून हलक्या हाताने ठोकली. चौथ्या-पाचव्या ठोक्याला पिन सरकली आणि तांबडं-काळं, वाळूसारखं खरखरीत ग्रीस बाहेर आलं. बोटांत चोळलं तर एमरी पेपरसारखं लागलं. झीज कशाने झाली ते तिथेच कळलं.

मोजमाप, आणि माझी एक चूक

साधा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत दाखवतो, तेवढा पुरतो. पिन तीन ठिकाणी मोजा : वरच्या बुशची जागा, मधला न झिजलेला भाग, खालच्या बुशची जागा. प्रत्येक ठिकाणी पिन फिरवून दोनदा. माझी मध्ये ७.९८, वर ७.९६, खाली ७.८४ निघाली. खाली जास्त झीज असणं बरोबर आहे. आपण बसलो की फ्रेम मध्ये दबते, बिजागरीचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ओढला जातो. शिवाय पाणी आणि रेतीही खालीच साठते.

बुशच्या भोकाचं माप व्हर्नियरने नीट येत नाही. त्यासाठी ८.०, ८.१, ८.२ मिमीच्या ड्रिल बिटांची मागची गुळगुळीत टोकं घालून बघा. माझ्या खालच्या बुशमध्ये ८.१ चं टोक एका दिशेला हलत होतं, दुसऱ्या दिशेला नाही. बुश लांबट झाला होता.

हे सगळं करण्याआधी मी एक चुकीचा प्रयोग करून बसलो होतो, तो तुम्ही करू नका. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून ८ मिमीचा साधा बोल्ट आणून पिनच्या जागी घातला. तीन आठवडे टिकला. साध्या बोल्टचा आटे नसलेला भाग बहुतेकदा ८ पेक्षा बारीक असतो, आणि आटे बुशमध्ये आले तर ते कानशीसारखे बुश खातात. तुमच्या सायकलीत पिनऐवजी बोल्टच असेल तर शोल्डर बोल्ट मागा. ८ मिमीचा गुळगुळीत खांदा आणि पुढे फक्त ६ मिमीचे आटे असा तो येतो. मशिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, बोल्ट, हत्यारांची दुकानं रांगेने आहेत. एका दुकानात नाही म्हणाले तर चौथ्यात विचारा. जुना बोल्ट बरोबर न्या.

लेथवाल्याकडे

माझी पिन दोन्ही टोकांना आतून आटे असलेली होती, तशी तयार मिळेना. पार्कसाइटला एका गाळ्यात लेथ चालवणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे जुनी पिन आणि बुश घेऊन गेलो. कागदावर काढलेला आराखडा त्यांनी बाजूला ठेवला.

“कागद राहू दे. वस्तू दाखव.” त्यांनी पिनवरून अंगठ्याचं नख फिरवलं. “बघ, नख अडकतंय. पायरी पडलीय.”

“काका, नुसती पिन बदलली तर चालेल ना?”

“बुश अंड्यासारखा झालाय. त्यात गोल पिन घातलीस तर सहा महिन्यांत तीही तशीच होईल. जोडीच बदलायची. पिन ईएन-२४ स्टीलमध्ये करतो, बुश फॉस्फर ब्राँझ. स्टेनलेस मागू नकोस, ते गंजणार नाही पण मऊ पडतं.”

दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांगाव्या लागतात. एक, पिन पॉलिश झालेली हवी, लेथच्या रेघा राहता कामा नयेत. दुसरी, बुश बाहेरून घरापेक्षा साधारण ०.०२ मिमी जाड हवा म्हणजे दाबून बसेल, आणि दाबल्यावर आतलं भोक किंचित आवळतं म्हणून शेवटचं माप बसवल्यानंतर रीमरने आणायचं. पिन आणि बुश यांच्यात तयार सूट ०.०३ मिमीच्या आत हवी. त्याहून जास्त असेल तर वर्षभरात पुन्हा हीच कहाणी.

बुश बसवणं

जुने बुश हातोडीने ठोकून काढू नका. एक लांब ६ मिमीचा बोल्ट घ्या, एका बाजूला बुश सामावेल एवढा मोठा सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान जाड वॉशर. नट फिरवत गेलं की बुश सॉकेटमध्ये सरळ ओढला जातो. नवीन बसवायलाही हाच प्रकार.

नवे बुश मी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवले होते, सुरमईच्या डब्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. फ्रेम सकाळी गॅलरीत उन्हात. गार बुश आकसलेला, गरम घर फुगलेलं, त्यामुळे निम्मा बुश हाताच्या दाबाने गेला. पण वेळ दवडू नका, अर्ध्या मिनिटात तो गरम होतो. बुश तिरका शिरतोय असं वाटलं तर लगेच बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. तिरका ओढलात तर घर ओरबाडलं जाईल, आणि घराला दुसरं नाही.

घर आधीच थोडं सैल असेल, बुश पिनबरोबर फिरत असेल, तर लॉकटाइट ६३८ सारखं बुश धरून ठेवणारं द्रव्य मिळतं. ०.२५ मिमीपर्यंतची फट ते भरतं. त्याआधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून पूर्ण कोरडे हवेत, आणि पिन घालण्याआधी आत आलेला थेंबही पुसलेला हवा. घर त्याहून जास्त खराब असेल तर मी फ्रेम वापरणार नाही.

रीमर दोन्ही बुशांतून एका रेषेत जाईल असा लांब घ्या. फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, बाहेर काढतानाही त्याच दिशेने. उलटा फिरवला की धारा बोथट होतात आणि भोकावर ओरखडे येतात. मध्ये मध्ये पिन घालून बघा. कोरडी पिन अंगठ्याच्या दाबाने, किंचित अडत, एकसारखी खाली गेली पाहिजे. आपल्या वजनाने सरसर खाली पडली तर भोक मोठं झालं.

पिनला पाण्याने न धुतलं जाणारं मरीन ग्रीस लावा, पातळ थरात. लोक इथे डब्ल्यूडी-४० मारतात, ते करू नका. ते आत शिरून असलेलं ग्रीस पातळ करतं आणि स्वतः फार काळ टिकत नाही. तोंडांवर ग्रीस थापू नका, त्याला रेती चिकटते. ग्रब स्क्रूवर निळं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारं द्रव्य), एक थेंब. लाल घेऊ नका, ते सोडवायला इतकं तापवावं लागतं की रंग आणि फ्रेम दोन्हीचं नुकसान होईल. पिनच्या लांबीत वर-खाली खेळ उरला तर ०.१ किंवा ०.२ मिमीचं शिम वॉशर घाला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्राही साधारण ०.१ मिमीचा असतो, अडीअडचणीला वॉशर म्हणून चालून जाईल. पण झिजलेल्या पिनभोवती तो गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आठवड्याभरात त्याचा चुरा होतो आणि तो चुराच पुढची झीज करतो.

लिव्हर, आता शेवटी

तुटलेल्या किंवा ताणलेल्या बोल्टच्या जागी नवा बोल्ट त्याच मॉडेलचा घ्या. मग लिव्हर बंद करत या. अर्ध्या वाटेपर्यंत ती मोकळी यावी, तिथून पुढे विरोध जाणवावा आणि शेवटी तळहाताने दाबूनच बंद व्हावी. पाय लावावा लागत असेल तर जास्त आवळली आहे. एका बोटाने बंद होत असेल तर कमी.

तोंडं सारखी बसली का, हे बघायला वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद चार पट्ट्या चार कोपऱ्यांत ठेवून लिव्हर बंद करा आणि एकेक ओढा. चारही फाटल्या पाहिजेत. माझी पिनच्या बाजूची खालची पट्टी जुन्या पिनला अलगद निघून यायची. नव्या पिनवर ती फाटली, आणि त्या फाटण्याच्या आवाजाने मला जितका आनंद झाला तितका बरेच दिवसांत झाला नव्हता.

लगेच रस्त्यावर जाऊ नका. सोसायटीच्या आवारात सीटवर बसून वजन टाका, पुढचा ब्रेक दाबून ढकला, दहा वेळा घडी करा आणि उघडा, पुन्हा बोट लावून बघा. मग आठवडाभर फक्त जवळच्या फेऱ्या, आणि रोज एकदा लिव्हरची पकड तपासा.

पावसाळ्यात दर रविवारी बिजागरी कोरड्या फडक्याने पुसतो. पाइपच्या जोराच्या पाण्याने कधीच धुवत नाही. लोकलच्या डब्यात घडी केलेली सायकल बिजागरी भिंतीच्या बाजूला करून ठेवतो, कारण दुसऱ्यांच्या टोपल्या आणि बोचकी नेमकी तिथेच आदळतात.

गेल्या आठवड्यात, चौदा महिन्यांनी आणि एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, पिन मुद्दाम पुन्हा काढली. वर ७.९८, खाली ७.९७, नवी असताना दोन्हीकडे ७.९८ होती. ग्रीस खाली स्वच्छ होतं, पण वरच्या टोकाला दुधासारखं पांढुरकं झालं होतं, म्हणजे पाणी वरच्या स्क्रूखालून शिरत होतं. सगळं पुसून नवं ग्रीस भरलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा गोल तुकडा कापून त्या स्क्रूखाली बसवला.